पत्र्याच्या घरातला उकाडा आणि विजेचं बिल: थोड्या पैशांत आधी काय करावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अकोला जिल्ह्यातल्या एका गावात बचत गटातल्या ४० बायकांची स्वतःची घरं आहेत. बरीचशी टिनाच्या पत्र्याची, काही सिमेंटच्या पत्र्याची, थोडी स्लॅबची. घरातली मिळकत महिन्याला दहा-पंधरा हजार. एप्रिल-मेमध्ये दुपारी घरात बसवत नाही, रात्री झोप लागत नाही आणि बिल मात्र हजाराच्या वर येतं. गटाकडे दीड लाख रुपये आहेत. काहीजणी म्हणतात सोलर बसवा, काही म्हणतात कुलर द्या. पैसे कसे लावावेत?

दीड लाख भागिले चाळीस म्हणजे घरटी पावणेचार हजार. इतक्यात कुठलंच घर पुरतं सुधारत नाही, त्यामुळे वाटून टाकायचा विचार आधीच सोडून द्या. त्याऐवजी एक फरक पक्का धरा. काही कामं बिल कमी करतात, म्हणजे त्यांचे पैसे बिलातूनच फिटतात. काही कामं घर राहण्याजोगं करतात, पण त्यांनी बिलात एक रुपया वाचत नाही. पहिल्या कामांना कर्ज द्या, दुसऱ्यांना मदत. उलट झालं की गट बुडतो. छपराच्या रंगासाठी कर्ज दिलं तर हप्ता कुठून भरायचा? ज्या घरात एसी नाही, त्या घराचं छप्पर थंड झालं म्हणून मीटर हळू फिरत नाही. पंखा तितकाच वेळ चालतो, फक्त आता तो आगीचा वारा देत नाही.

क्रम माझ्या मते असा: छप्पर, मग वायरिंग, मग पंखा आणि दिवे, आणि सोलर सगळ्यात शेवटी. कुलर यात मधेच कुठेतरी येतो, त्याबद्दल पुढे.

छप्पर

दुपारी एक-दोनच्या सुमारास टिनाच्या पत्र्याला हात लावता येत नाही, तो साठ अंशांच्या वर गेलेला असतो. तो आठ-नऊ फुटांवरून थेट अंगावर तापत असतो, चुलीपुढे बसल्यासारखा. हवा गरम होते ते वेगळंच. म्हणून पंखा वाढवून फायदा होत नाही. पत्रा तापूच न देणं हाच उपाय, आणि त्यासाठी पांढऱ्या रंगाइतकं स्वस्त दुसरं काही नाही. नीट केलेल्या कामाने घरातलं दुपारचं तापमान साधारण दोन ते चार अंश उतरतं. आकडा छोटा वाटतो, पण त्याहून मोठा फरक डोक्यावरची धग गेल्याने जाणवतो.

दोन गैरसमज इथेच दूर करून घ्या. पहिला: नवा चकचकीत पत्रा ऊन परतवतो, मग रंग कशाला? तो ऊन परतवतो खरा, पण जेवढी उष्णता पितो तेवढी आकाशाकडे परत सोडायला चकचकीत धातू फार कच्चा असतो. शिवाय दोन-चार वर्षांत पत्रा मळतो, गंजतो आणि मग परतवणंही संपतं. दुसरा: सिल्व्हर पेंट. दुकानदार हमखास हाच काढून देतात, कारण पत्र्यावर तोच खपतो. गंजासाठी ठीक आहे, पण उष्णतेसाठी तो पांढऱ्याच्या जवळपासही येत नाही, कारण तेच: तापलेला सिल्व्हर रंग उष्णता धरून बसतो. पांढराच घ्या. डब्यावर किंवा माहितीपत्रकावर ‘सोलर रिफ्लेक्टन्स’ (ऊन परतवण्याचं प्रमाण) ०.८ च्या आसपास लिहिलेला असावा. केंद्राच्या २०१७ च्या ऊर्जा संवर्धन इमारत संहितेत थंड छपरासाठी नव्या स्थितीत किमान ०.६ मागितलं होतं, पण धूळ बसली की वर्षभरात आकडा घसरतो, म्हणून सुरुवात वरूनच झालेली बरी.

आता टिनावर काय लावायचं. चुना नाही. टिनावरच्या गुळगुळीत जस्ताच्या थरावर चुना धरत नाही, पहिल्या पावसात वाहून जातो, आणि ओला चुना जस्ताला खातो. ऑइलपेंटही नाही: जस्त आणि तेलाच्या रंगामध्ये साबणासारखा थर धरतो आणि वर्षा-दोन वर्षांत पापुद्रे निघतात. पत्र्यासाठीचं पाण्यात मिसळणारं, लवचीक ॲक्रिलिक कोटिंग घ्या. पत्रा दुपारी ताणतो, रात्री आकसतो. साधा बाहेरच्या भिंतीचा पांढरा इमल्शन ऊन चांगलं परतवतो, पण या ताणाला तो पुरत नाही, जोडांवर तडकतो. पैसे अगदीच नसतील तर तोही चालेल, मात्र दर एक-दोन वर्षांनी पुन्हा लावायची तयारी हवी.

माप असं काढा. दहा बाय वीस फुटांचं घर म्हणजे २०० चौरस फूट. पत्र्याच्या नाळ्यांमुळे खरी जागा दहा-पंधरा टक्क्यांनी वाढते, म्हणजे २२५-२३० धरा. दोन हातांत एक लिटर साधारण २० ते २५ चौरस फूट भागवतं, तेव्हा दहा लिटर लागेल. रंगारी ‘पाचात भागवतो’ म्हणाला तर समजून घ्या की तो निम्मं पाणी घालणार आहे. असा पातळ हात पहिल्या दिवशी छान पांढरा दिसतो आणि दिवाळीपर्यंत खालचा पत्रा डोकावू लागतो. पहिला हात जरा पातळ, दुसरा कंपनीने सांगितला तसा घट्ट, आणि दुसरा पहिल्याला आडवा. मध्ये सहा-आठ तास जाऊ द्या.

रंगाआधीची तयारी हे खरं काम, आणि नेमकं तेच टाळलं जातं. वर चढल्यावर पहिल्यांदा दिसतात ते दगड, जुने टायर, तुराट्या, पऱ्हाट्या. दगड का ठेवलेत? कारण पत्रा खालच्या अँगलला धरणारे जे-बोल्ट गेलेले असतात आणि वाऱ्याने पत्रा उडेल ही भीती असते. (वानरांच्या उड्यांनी सरकलेले पत्रे हा वऱ्हाडातला आणखी एक जुना त्रास.) आधी बोल्ट बसवा, मगच दगड उतरवा. प्रत्येक बोल्टाखालचा वायसर बघा. रबर कडक होऊन फाटलेलं असेल तर बदला, कारण पावसाळ्यातली गळती दहांत आठ वेळा तिथूनच असते. वायसर काही रुपयांचा असतो आणि त्यावर लावलेला रंगाचा थर काही हजारांचा. मग तारेच्या ब्रशने गंज काढा, गंजलेल्या जागी रेड ऑक्साइडचा हात द्या, उरलेला पत्रा साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवा. नवा कोरा पत्रा असेल तर धुऊन पॉलिश पेपरने थोडा खरखरीत करून जस्तावर चालणारा प्रायमर लावावा लागतो, नाहीतर कोटिंग कातडीसारखं सोलून हातात येतं.

वेळ फेब्रुवारी-मार्च, आणि सकाळी नऊ-दहाच्या आत. तापलेल्या पत्र्यावर रंग लावला तर वरची साय लगेच वाळते आणि खाली पाणी अडकतं. वळवाचा पाऊस येणार असं दिसत असेल तर एक दिवस थांबा.

सिमेंटच्या पत्र्याबाबत मात्र दोन गोष्टी कडक सांगायच्या आहेत. एक, त्यावर कोणीही थेट पाय ठेवू नये. हे पत्रे आवाजही न करता फुटतात आणि माणूस सरळ खाली येतो. आडव्या दोन-तीन अँगलांवर टेकेल अशी लांब फळी किंवा शिडी आडवी टाका आणि तिच्यावरूनच सरका. टिनावरही बोल्टांच्या रांगेवरच पाय द्यायचा, कारण अँगल तिथेच खाली असतो. दोन, हे पत्रे कोरडे घासू नका, पॉलिश पेपर मारू नका, नवी भोकं पाडू नका. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉसचे तंतू असतात आणि ती धूळ फुफ्फुसात गेली की निघत नाही. पाणी शिंपडून मऊ ब्रशने शेवाळ काढा, वाळू द्या आणि वरून रंग लावा. रंगाने ते तंतू आतच बांधले जातात, हा फायदाच.

स्लॅबला चुना उत्तम. २०० चौरस फुटांना साधारण दहा किलो विझवलेला चुना, दोन किलो पांढरा सिमेंट, एक किलो फेविकॉल डीडीएल (चुना धरून ठेवणारा चिकट) आणि पंधरा-एक लिटर पाणी. चुना रात्रभर भिजवून फडक्यातून गाळून घ्यायचा, बाकीचं सकाळी मिसळायचं आणि ढवळत ढवळत तीन हात द्यायचे. डोळ्याला चष्मा हवाच. चुना डोळ्यात गेला तर चोळत बसू नका, पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याने धुवा आणि दवाखाना गाठा. स्लॅबला भेगा असतील तर त्या आधी भरून घ्या. पाणी साचत असेल तर उतार करा, नाहीतर चुन्याखालून गळती चालूच राहते. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री एक-दोनपर्यंत ते घरात सोडत राहतो, त्यामुळे स्लॅबच्या घरात पांढऱ्या छपराचा फायदा दुपारपेक्षा रात्री जास्त कळतो.

पत्र्यावर ओली बारदानं टाकू नका. पाणी जातं, पत्रा गंजतो, आणि बारदान वाळल्यावर पुन्हा तेच.

पत्र्याखाली आणखी काही करायचं असेल तर साधी बांबूची ताटी किंवा चटई सहा इंच सोडून बांधा आणि ती मधली पोकळी दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी भिंतींत वर जाळी ठेवून मोकळी करा. गरम हवा तिथूनच निघून जाते. पोकळी बंद राहिली तर वर भट्टीच तयार होते. चकचकीत बबल शीट लावणारे बहुतेक जण ती पत्र्याला चिकटवून टाकतात आणि पैसे वाया जातात. चकचकीत बाजू मोकळ्या हवेकडेच असली पाहिजे, निदान एक-दीड इंच पोकळी हवी, आणि एकच बाजू चकचकीत असेल तर ती खाली ठेवा म्हणजे धूळ बसणार नाही. थर्माकोल नको. पत्र्याखालून गेलेल्या उघड्या वायरीजवळ थर्माकोल म्हणजे आगीला आमंत्रण, आणि तो वितळून पेटता थेंबथेंब खाली पडतो.

बिल कुठून येतं ते मीटरच्या दिव्यावरून शोधा

पंखे विकत घेण्याआधी प्रत्येक घरात अर्धा तास द्या. मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी ‘३२०० इम्प/केडब्ल्यूएच’ असं काहीतरी छापलेलं असतं. अर्थ सरळ आहे: दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. आधी घरातले सगळे बटणं बंद करा, फ्रिजची पिन काढा, मेन चालू ठेवा आणि दहा मिनिटं दिव्याकडे बघा. तो लुकलुकला, तर घरात कुठेतरी विजेची गळती आहे किंवा शेजारच्या खोलीची वायर याच मीटरवर आहे. दोन्ही गोष्टी बऱ्याचदा सापडतात.

मग फक्त एक पंखा पूर्ण वेगात सुरू करा आणि पाच मिनिटं मोजा. जुना ७५ वॅटचा पंखा असेल तर दिवा वीस वेळा लुकलुकतो. ३० वॅटचा बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) पंखा आठच वेळा. ही मोजणी बायकांसमोर करा. ‘वीज वाचवा’चं पोस्टर कोणाला पटत नाही, वीस आणि आठ लगेच पटतं. मीटरवरचा आकडा ३२०० ऐवजी १६०० असेल तर मोजणी निम्मी होईल, म्हणून आधी तो वाचून घ्या.

पुढचा हिशेब: ७५ वॅटचा पंखा रोज १५ तास चालला तर महिन्याला जवळपास ३४ युनिट, ३० वॅटचा साडेतेरा. दर पंख्यामागे २० युनिट वाचतात. दोन पंख्यांचे ४०.

या चाळीस युनिटांची किंमत घराघरांत वेगळी असते आणि इथे महावितरणच्या टप्प्यांचा खेळ समजून घ्यावा लागतो. घरगुती दराचे टप्पे ० ते १००, १०१ ते ३०० असे पुढे चढत जातात. शंभरच्या वरच्या युनिटांचा दर खालच्याच्या दुपटीच्या आसपास असतो. पुष्कळ जणांना वाटतं की १०१ वं युनिट झालं की सगळंच बिल महाग दराने लागतं. तसं नाही, महाग दर फक्त वरच्या युनिटांना लागतो. पण म्हणूनच वाचवलेली युनिटं आधी महाग टप्प्यातून कमी होतात. मे महिन्यात १४० युनिट जाळणाऱ्या घरात दोन पंखे बदलले की वापर शंभरावर येतो, आणि वाचलेली चाळीसच्या चाळीस युनिटं महाग दराची. वहन आकार (वीज पोचवण्याचा खर्च) धरून तो दर ११ रुपये धरला तर महिन्याला ४४० रुपये, शिवाय त्यावरचं १६ टक्के वीज शुल्क. याच्या उलट ज्या घराचा वापर ८० युनिट आहे, तिथे तीच बचत निम्म्याच पैशांची. म्हणून पहिले पंखे शंभरच्या वर जाणाऱ्या घरांना द्या. ‘सगळ्यात गरीब घर आधी’ हा नियम छपराला लावा, पंख्याला लावू नका. हे ऐकायला बरं वाटत नाही हे मान्य, पण हप्ता फिटला पाहिजे, तरच पुढच्या घराला पंखा मिळतो.

पंखा घेतानाचे बारकावे. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांना स्टार लेबल सक्तीचं आहे. पाच स्टार आणि बीएलडीसी बघून घ्या, आणि वॅटचा आकडा खोक्यावर वाचा. जुना रेग्युलेटर काढून थेट जोडणी करायला सांगा. बीएलडीसी पंखा जुन्या रेग्युलेटरमधून चालवला की त्याचं सर्किट जळतं आणि कंपनी वॉरंटी नाकारते. म्हाताऱ्या माणसांच्या खोलीत रिमोट हरवला की पंखा अडतो, म्हणून भिंतीवरच्या बटणावरही वेग बदलता येणारं मॉडेल शोधा. बिल जिच्या घरी पंखा जाणार तिच्याच नावाने घ्या, गटाच्या नावाने नको, दुरुस्तीच्या वेळी वाद होतात. वीस-पंचवीस पंखे एकदम घेतले तर घाऊक दुकानदार भाव सोडतो. घासाघीस करताना बसवून देण्याची मजुरी त्यातच मागा.

जो पंखा दिवसात चार तासच चालतो तो बदलू नका. तो नुसता हळू फिरत असेल तर बहुधा कॅपॅसिटर कमजोर झालेला असतो. तो बदलायला पन्नासेक रुपये लागतात आणि पंखा पुन्हा नव्यासारखा फिरतो.

दिव्यांत आता फारसं उरलेलं नाही, एलईडी बहुतेक घरांत पोचले. एक चोर मात्र अजून सापडतो: देवघरातला लाल किंवा पिवळा ‘झिरो’चा बल्ब. नाव झिरो, पण खातो साधारण पंधरा वॅट, आणि चोवीस तास चालू. महिन्याला दहा-अकरा युनिट! अर्ध्या वॅटचा एलईडी लावा, देवाचा उजेड तोच राहतो. दुसरा चोर पाणी तापवायची कॉइल. दीड हजार वॅटची कॉइल रोज अर्धा तास म्हणजे महिन्याला २२ युनिट. तिसरा, लग्नात किंवा शहरातल्या नातेवाइकांकडून आलेला जुना फ्रिज. दाराच्या रबरात नोट अडकवून दार लावा. नोट सहज ओढून निघाली तर रबर गेलेलं आहे.

कुलर आणि शॉक

अकोला, अमरावती, नागपूर, मराठवाड्याचा कोरडा भाग इथे कुलर चांगला चालतो. कोकणात, मुंबईत दमट हवेत त्याचा उपयोग नाही. पण कुलर लावून दारं-खिडक्या बंद केल्या तर तासाभरात खोली चिकट होते. समोरची खिडकी किंवा दार हातभर उघडं पाहिजे, ओली हवा बाहेर गेली तरच नवी कोरडी हवा आत येते.

कुलरसाठी गटाचे पैसे द्यायचे असतील तर अट एकच: आधी अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच वीज तोडणारा खटका. लोखंडी कुलर, खाली पाणी, अनवाणी पाय आणि अर्थिंग नसलेलं घर, हे दर उन्हाळ्यात माणसं मारतं. पाणी भरताना पिन काढायची हे घरातल्या पोराबाळांनाही पाठ पाहिजे. कॉइलचंही तेच. आरसीसीबी बसवल्यावर त्याचं ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबून बघा, खाली पडला पाहिजे. तो सारखा पडत असेल तर इलेक्ट्रिशियन लोक त्याला बायपास करून मोकळे होतात. करू देऊ नका, पडणं म्हणजे गळती आहे. मगाशी मीटरच्या दिव्याने दाखवलेली गळती बऱ्याचदा हीच असते, आणि ती काढली की बिलही उतरतं. वायरिंगचा खर्च म्हणून मी अर्धा मदतीत, अर्धा कर्जात धरतो.

दीड लाखाचा हिशेब

समजा वीस घरांचे पत्रे वाईट आहेत. रंग, प्रायमर, वायसर, बोल्ट मिळून घरटी साडेतीन हजार धरले तर ७०,०००. रंगाची मजुरी घरच्यांनी आणि शेजारच्यांनी मिळून करायची, पण वर चढणारा माणूस सवयीचाच हवा आणि त्याला मजुरी द्यायची. ही रक्कम परत मागायची नाही. उरलेल्या ८०,००० मधले १०,००० वायरिंगच्या तातडीच्या कामांना बाजूला काढा. ७०,००० मध्ये २,८०० च्या भावाने २५ पंखे येतात. पंख्याला महिना ३०० प्रमाणे दहा हप्ते, म्हणजे व्याज नावापुरतं. पंचवीस पंख्यांचे महिन्याला साडेसात हजार परत येतात आणि त्यात दर महिन्याला आणखी दोन-तीन पंखे बसतात. मार्चमध्ये सुरू केलं तर वर्षअखेरीस चाळीसही घरांत किमान एक-एक पोचतो.

हप्त्यात एक खाच आहे. पंख्याची बचत मार्च ते ऑक्टोबरची असते. डिसेंबर-जानेवारीत पंखा बंद, म्हणजे बचत शून्य, पण हप्ता तसाच. मार्चला सुरुवात केली तर शेवटचे हप्ते कापूस वेचणीच्या मजुरीच्या दिवसांत येतात, तेव्हा निभतं. सप्टेंबरात सुरू केलेले हप्ते मात्र थकतात. आणि गटाचं नेहमीचं दोन टक्के महिना व्याज याला लावू नका. ते वर्षाला चोवीस टक्के होतं आणि कमी वापराच्या घरात बचतीचा मोठा भाग व्याजातच जातो.

सोलर शेवटी का

आधी वापर कमी करा, मग सोलर छोटं पुरतं. शिवाय पॅनेल बसल्यावर खालचा पत्रा रंगवता येत नाही आणि गळका वायसर बदलता येत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तीन किलोवॅट व त्यापुढे एकूण ७८,००० रुपये केंद्राचं अनुदान आहे. अडचण रकमेची नाही, वेळेची आहे: अनुदान सगळं बसून, तपासणी होऊन, मग खात्यात येतं. तोवरचे पैसे कोण घालणार? महाराष्ट्राने २०२५ मध्ये आणलेली ‘स्मार्ट’ योजना नेमकी या घरांसाठी आहे. एक किलोवॅटचा खर्च ५०,००० धरून दारिद्र्यरेषेखालच्या ग्राहकाला केंद्राचे ३०,००० आणि राज्याचे १७,५०० मिळतात, स्वतःचे २,५०० भरायचे. महिन्याला शंभर युनिटांच्या आत वापर असणाऱ्या इतर ग्राहकांना राज्याचा वाटा कमी आहे: सर्वसाधारण गटाने १०,०००, अनुसूचित जाती-जमातींच्या ग्राहकाने ५,००० भरायचे. लाभार्थ्यांची संख्या ठरलेली आहे, तेव्हा अर्ज चालू आहेत का ते महावितरणच्या कार्यालयात आधी विचारा. इथे गटाने २,५०० किंवा ५,००० चं कर्ज द्यावं, ते खुशाल फिटतं. एक किलोवॅट महिन्याला साधारण १२० युनिट देतं. बिल शून्य होत नाही, स्थिर आकार राहतोच, हे आधीच सांगा म्हणजे नंतर भांडण होत नाही.

अर्ज अडतात ते कागदांवर. मीटर वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर, घराचा ग्रामपंचायतीतला नमुना ८ चा उतारा दिराच्या नावावर, बँक खातं आधारला जोडलेलं नाही, आणि मागची थकबाकी. हे चार कागद चाळीसही घरांचे आत्ताच तपासायला घ्या, नावबदलाचा अर्ज सोलरच्या अर्जाच्या दोन-तीन महिने आधी टाका. आणि छप्पर बघा. एका किलोवॅटला दोन मोठी पॅनेलं लागतात, प्रत्येकी २७-२८ किलोच्या आसपास, शिवाय लोखंडी सांगाडा. वजनापेक्षा वाऱ्याची उचल जास्त घातक. सांगाडा पत्र्याला नाही, खालच्या अँगलला बोल्टने धरलेला पाहिजे. जिथे अँगलच्या जागी वाळवी लागलेली लाकडी बल्ली आहे, तिथे सोलर नको म्हणून सांगा. ठेकेदार ‘होतं’ म्हणेल, त्याला पॅनेल बसवून निघून जायचं असतं.

ज्यांना घरकुल मंजूर झालं आहे त्यांच्या जुन्या पत्र्यावर एक रुपयाही घालू नका. त्यांना नव्या घराच्या आखणीतच सांगा: छताची उंची दहा फूट, समोरासमोर खिडक्या, वर झरोके, पश्चिमेला कमीत कमी उघडी भिंत. ग्रामीण घरकुलाचे पैसे टप्प्याटप्प्याने येतात आणि बाहेरचा गिलावा येईपर्यंत संपतात. मग विटांमधून पाणी आत येतं आणि दोन पावसाळ्यांत भिंत ओलसर होते. गटाची मदत अशा घरात बाहेरच्या गिलाव्याला, निदान पावसाच्या माऱ्याच्या बाजूला, लागली तर ती सार्थकी लागली.

फरक पडला का, हे मोजायला भिंतीवर लावायचे दोन साधे थर्मामीटर घ्या. एक रंगवलेल्या घरात, एक तशाच न रंगवलेल्या शेजारच्या घरात, दोन्ही जमिनीपासून चार फुटांवर, दुपारी तीनला एकाच दिवशी वाचायचे. काल आणि आजची तुलना करू नका, दोन घरांची करा. आणि दुसऱ्या वर्षीच्या मार्चमध्ये रंगवलेले पत्रे पुन्हा एकदा साबणाच्या पाण्याने धुवा, वर्षभराची धूळ आणि चुलीची काजळी निघाली की निम्मा हरवलेला पांढरेपणा परत येतो. या धुण्यासाठी वर चढणाऱ्या माणसाची मजुरी आत्ताच बाजूला ठेवा.